पोस्टडॉकला रोस्टर कुठे आहे?

"योग्य उमेदवार मिळाला नाही." मोठ्या विज्ञानसंस्थांत राखीव प्राध्यापकपद रिकामं ठेवताना हेच वाक्य कागदावर येतं. आपण चिडतो, निवेदन देतो आणि थांबतो. खरा प्रश्न एक पायरी खाली आहे. हा 'योग्य उमेदवार' घडतो कुठे आणि त्याला घडवतं कोण?

विज्ञानात पीएचडी झाली की लगेच प्राध्यापकी मिळत नाही. आयआयटीत सहायक प्राध्यापकासाठी साधारणपणे पीएचडीनंतरचा तीन वर्षांचा अनुभव मागतात. तो बहुतेकांना पोस्टडॉक करूनच मिळतो. 2006 च्या कायद्याने केंद्रीय संस्थांतल्या प्रवेशात अनुसूचित जातींना 15, जमातींना 7.5 आणि ओबीसींना 27 टक्के जागा दिल्या. 2019 च्या कायद्याने अध्यापकपदांवरच्या आरक्षणाला कायद्याचा आधार मिळाला. म्हणजे पीएचडीच्या दारात आरक्षण, प्राध्यापकीच्या दारात आरक्षण. आणि मधल्या पुलावर? तिथे कित्येकदा जाहिरातही निघत नाही. प्रयोगशाळेचा प्रमुख प्रकल्पाच्या पैशातून माणूस घेतो. एक ईमेल, दोन-तीन शिफारसपत्रं, एक ऑनलाइन बोलणं, की झाली निवड. ज्याचा गाईड परदेशात चार जणांना थेट फोन करू शकतो, त्याचं काम झालं. याला ते मेरिट म्हणतात. ही ओळख आहे, आणि या देशात ओळखी जातीच्या वाटेने चालतात.

आधी पूल बांधायचा नाही आणि मग पलीकडे कुणी पोचलं नाही म्हणून पद रिकामं ठेवायचं!

पहिलं दार तरी सगळीकडे उघडं आहे का? 2006 च्या त्याच कायद्याच्या कलम 4 ने टीआयएफआर, भाभा अणुसंशोधन केंद्र, अहमदाबादची पीआरएल, बंगळुरूचं जवाहरलाल नेहरू केंद्र अशा संस्थांना आरक्षणातून वगळलं. 2019 च्या कायद्यातही अशी सूट आहेच. कारण काय, तर 'उत्कृष्टता'. म्हणजे आमच्या येण्याने उत्कृष्टता बाटते, असंच ना?

"विज्ञानाला जात नसते," असं ऐकवलं जातं. बरोबर आहे. पण शिफारसपत्र लिहिणाऱ्याला असते. बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानाच्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. बुद्धी त्यांची होती, पण बोटीचं तिकीट नुसत्या बुद्धीवर मिळत नाही. आज बार्टीच्या फेलोशिपसाठी संशोधकांना प्रयोगशाळा सोडून आझाद मैदानात बसावं लागतं. तेवढ्यात दुसऱ्याचा पेपर छापून येतो.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक पोस्टडॉक नेमणुकीची जाहिरात निघावी. संस्थेने प्रवर्गनिहाय आकडे दरवर्षी जाहीर करावेत. कलम 4 ची सूट रद्द व्हावी. फेलोशिप वेळेवर मिळावी. आकडे देत नसतील, तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तो कोणताही नागरिक टाकू शकतो.

आणि जे पोचले आहेत त्यांना एक सांगणं. जर्मनी, नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुधा पगारी नोकरी असते आणि तिच्या जाहिराती निघतात, हे आपल्या वस्तीतल्या एमएससीच्या मुलीला कोण सांगणार? पोस्टडॉकसाठी ईमेल कसा लिहायचा, पीएचडी संपायच्या वर्षभर आधी कुणाकुणाला लिहायचं, हे तिला शिकवा. त्यांच्याकडे पिढ्यांच्या ओळखी आहेत. आपल्याकडे संघटना आहे, तिलाच आता ओळख बनवू.

जय भीम!