स्वतःच बदलणाऱ्या रोबॉटच्या विरोधात

गाडीचा रोबॉट होणारं खेळणं ज्याच्या हातात आहे, त्यानंच ते बदललं पाहिजे. मोटरनं नाही. इतकी साधी गोष्ट मला भांडून सांगावी लागतेय, कारण वाशिम, कारंजा, रिसोड, कुठल्याही जनरल स्टोअरमध्ये जाऊन 'ट्रान्सफॉर्मर दाखवा' म्हणा, काउंटरवर बहुतेक वेळा स्वतःच बदलणाराच येतो. खालचा स्विच सरकवला की गाडी पळते, भिंतीला धडकते, वळते, मध्येच थांबते, पोट उचलते, दारं पंखांसारखी उघडते, आतलं डोकं वर येतं. सोबत लाल-निळे दिवे आणि कानठळ्या बसवणारं गाणं. मग पुन्हा गाडी. दुकानदार कौतुकानं बघतो, आईबाप कौतुकानं बघतात, पोरगं दोन मिनिटं टाळ्या पिटतं.

तिसऱ्या मिनिटाचं काय?

माझा भाचा सात वर्षांचा, मंगरूळपीरला असतो. गेल्या रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेतून त्याला कुणीतरी असला रोबॉट आणून दिला. मी पुण्याहून आलो तेव्हा तो दिवाणाखाली पडलेला होता. का रे, असं विचारल्यावर म्हणाला, "मामा, हा त सोताच सारं करते. मंग म्या काय करू?"

या वाक्यापुढे खरं तर लेख लिहायची गरज नाही. पण मी इंजिनिअर आहे, त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. आत एक छोटी मोटर, चार-पाच प्लास्टिकचे दातेरी गिअर, एक दांडा आणि पोट उचलणारा कॅम. खाली धडकली की दिशा बदलणारी फिरती चाकांची जोडी. यंत्र म्हणून हुशार काम आहे, कबूल. पण हे सगळं काळ्या डबीत स्क्रूनं बंद. बाहेरून हात धरून फिरवायला जावं तर गिअरचे दात करकरतात. म्हणजे मुलानं हात लावला की खेळणं बिघडतं. रोबॉट झाल्यावर हात वर होत नाहीत, गुडघा वाकत नाही, पाय म्हणजे नुसता गाडीचा मागचा भाग. तो उभा राहतो तोही चाकांवर. खेळण्याच्या दोन अवस्था, आणि दोन्हींत मुलाला काम एकच: बघणे. बघण्यासाठी घरात मोबाइल आहेच की.

आता मुळात हे खेळणं काय होतं ते बघा. जपानच्या ताकारा कंपनीनं 1980 मध्ये डायक्लोन नावाची मालिका काढली. त्यात पुढे रोबॉट होणाऱ्या गाड्या आल्या, आणि त्या गाडीत बसायला बोटाच्या पेराएवढे, पायांत चुंबक असलेले चालक असत. दुसरी मालिका मायक्रोमॅनची. तीत घरातल्या वस्तूंचे रोबॉट होत: कॅसेट, पिस्तूल, छोटी खेळण्यातली गाडी. अमेरिकेच्या हॅस्ब्रोनं या दोन्हींतले साचे उचलून 1984 मध्ये 'ट्रान्सफॉर्मर्स' या नावानं बाजारात आणले. पिवळा बम्बलबी म्हणजे मूळची ती खेळण्यातली बीटल गाडी. ऑप्टिमस प्राइम म्हणजे डायक्लोनचा ट्रक. त्या ट्रकच्या मुठी सुट्या होत्या, वेगळ्या लावाव्या लागत; त्या हमखास हरवत, आणि डिझाइन म्हणून ती खोटच. पण ट्रकची केबिन छाती होते आणि मागचा भाग पाय होतो, हे मुलाला एकदा करून कळत असे. त्यात मोटर नव्हती. चाळीस वर्षं हे खेळणं टिकलं ते कार्टूनमुळे, असं म्हणणाऱ्यांनी एकदा हातात घेऊन बघावं.

मी भाच्याला बम्बलबीच मागवून दिला. ब्रँडचा, तळहातात मावेल एवढा, हातानं बदलायचा. दहा-बारा टप्पे. पहिल्या दिवशी वीस मिनिटं लागली आणि एकदा रडू आलं. तिसऱ्या दिवशी तो कागद न बघता करत होता. आठवड्यानं माझ्याशी बोलता बोलता, खेळण्याकडे न बघता. बिजागरी कुठल्या बाजूला वळते, आधी दार उघडलं नाही तर हात अडकतो, क्रम चुकला तर मागे यावं लागतं, हे त्याच्या बोटांना कळलं होतं. मी पोटासाठी कोड लिहितो, त्यात याहून वेगळं फारसं काही नसतं.

कौतुकच करायचं तर तेही खोटं ठरेल. या बम्बलबीच्या पाठीवर गाडीचं अख्खं छप्पर गाठोड्यासारखं लोंबतं, त्यामुळे तो मागे कलंडतो. हाताची आतली बाजू पोकळ आहे, पैसे वाचवलेले दिसतात. खांद्याचा बॉल-जॉइंट महिन्याभरात सैल झाला. पण छाती बंद होताना 'टक्' असा आवाज येतो, आणि तो आवाज म्हणजे बरोबर झाल्याची पावती. ज्या खेळण्यात खाच आणि खटका नीट बसत नाही, तिथे मूल जोर लावतं आणि पिन तुटते. मला विचाराल तर चांगलं खेळणं ओळखायला हा 'टक्' पुरे. गाडी झाल्यावर चाकं फरशीवर खरोखर पळतात, तेही महत्त्वाचं. नुसती दिसायला गाडी काय कामाची?

दुसऱ्या टोकाचा रोगही आहे. 2007 च्या चित्रपटानंतर खेळणी पडद्यावरच्या रोबॉटसारखी दिसावीत म्हणून इतके तुकडे आणि पट्ट्या आल्या की मोठ्यांचीही बोटं अडकत. ताकाराची 2003 पासूनची 'मास्टरपीस' मालिका तर उघडउघड पगारदार शौकिनांसाठी आहे. काचेच्या कपाटात ठेवायची चीज. याला वैतागून 2014 च्या चित्रपटाच्या वेळी एका झटक्यात बदलणारी खेळणी पुढे आणली गेली. स्प्रिंगवाली. त्यापुढची पायरी म्हणजे आपल्या दुकानातली मोटर. अवघड झालं म्हणून सोपं करा, हे मान्य. पण सोपं करता करता मुलाचं कामच काढून टाकलं.

यावर मला दोन उत्तरं मिळतात. पहिलं, 'अरे, गावाकडे कोण हजार-बाराशे घालणार?' प्रश्न खरा आहे, पण उत्तर चुकीच्या दिशेला जातं. मोटर, गिअर, दिवे, स्पीकर, सेल यांना पैसे लागतातच ना? तेच पैसे सहा चांगल्या बिजागऱ्यांवर घाला. शिवाय दर पंधरा दिवसांनी सेल कोण विकत घेतं?

दुसरं उत्तर सुशिक्षित घरांतून येतं: 'प्लास्टिक कशाला, अरविंद गुप्तांची खेळणी करा.' गुप्तांबद्दल मला आदरच आहे. आयआयटी कानपूरचा माणूस टेल्कोतली नोकरी सोडतो आणि आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबनं जोडून त्रिकोण का हलत नाही आणि चौकोन का डुलतो हे मुलांच्या हाताला दाखवतो, हे मोठं काम. पण त्या व्हॉल्व्ह-ट्यूबचा सांधा आणि बम्बलबीची बिजागरी भाऊ-भाऊ आहेत. दोन्ही मुलानं हलवल्याशिवाय हलत नाहीत. खेळणी मोडू द्या, असं गुप्ता सांगत आले. मोटरवाला रोबॉट मोडला तर मुलाला आत काय दिसतं? बंद डबी. भांडण प्लास्टिकशी नाहीच.

आणि सरकार? 2020 च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरचं आयातशुल्क 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चांगलं आहे. टोकदार कडा, विषारी रंग, गिळता येतील असे तुकडे यांची तपासणी व्हायलाच हवी. यात्रेतल्या त्या खोक्यावर मात्र चिन्ह कुठेच नव्हतं. पण चिन्ह असतं तरी ते सांगतं एवढंच की खेळणं मुलाला इजा करणार नाही. त्यानं खेळता येईल की नाही, हे कोण तपासणार? ते ग्राहकाचं काम, आणि ग्राहक गाणं ऐकून पैसे देतो.

वाशिम हा 2018 पासून आकांक्षित जिल्हा. त्याच नीती आयोगाच्या योजनेतून शाळांत सहावीपासून अटल टिंकरिंग लॅब निघतात: मुलांनी हातानं जोडावं, खोलावं, बिघडवावं म्हणून. सहावीत जे शिकवायला लॅब काढायची, ते सहाव्या वर्षी मुलाच्या हातातून काढून मोटरला द्यायचं, यात कुणालाच काही खटकत नाही.

देशी खेळणी बनवणाऱ्यांकडे माझं मागणं फार नाही. दहा टप्प्यांचा एक ट्रॅक्टर करा, रोबॉट होणारा. आमच्याकडे पोरांना ट्रॅक्टरचा प्रत्येक भाग तोंडपाठ असतो. ट्रॉलीचे पाय करा, बोनेटची छाती. स्क्रू साध्या चपट्या ड्रायव्हरनं निघतील असे द्या, आणि खोक्यात चार जादा पिना. भाच्याच्या बम्बलबीची गुडघ्याची पिन तुटली तेव्हा ती कुठेच मिळाली नाही. शेवटी सायकलच्या जुन्या स्पोकचा तुकडा घासून बसवला. जरा जाड बसलाय, पण गुडघा वाकतो.