पडद्यावरची लेक आणि बीडची लेक

दूरचित्रवाणीने समाज बिघडविला असे म्हणणारा एक वर्ग आहे आणि तिने समाज जागा केला असे मानणारा दुसरा. पहिला वर्ग मुलांचा बुडालेला अभ्यास, आटलेले वाचन आणि पारावरची मोडलेली बैठक पुढे करतो. दुसरा खेड्यापाड्यांत पोहोचलेल्या नव्या विचारांचा दाखला देतो. एका गोष्टीवर मात्र दोघांची एकवाक्यता आहे. पडद्यावर जे दिसते, तसा माणूस वागू लागतो, असे दोघेही गृहीत धरतात. बीड जिल्ह्याचा गेल्या दोन-अडीच दशकांचा अनुभव या गृहीतकालाच धक्का देणारा आहे.

जुलै २००८ मध्ये ‘कलर्स’ वाहिनीवर ‘बालिका वधू’ ही मालिका सुरू झाली. आठ वर्षांच्या आनंदीचे लग्न आणि त्यातून उभे राहणारे तिचे हाल हा तिचा विषय. मालिका २०१६ पर्यंत चालली आणि देशभर घराघरांत पाहिली गेली. पुढे २०१९ ते २०२१ या काळात पाचवी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाले होते, असे तिच्यात आढळले. या स्त्रियांची वये मागे मोजली, तर मालिका सुरू झाली तेव्हा त्या स्वतः साधारण आठ ते बारा वर्षांच्या होत्या. पडद्यावरच्या आनंदीसाठी महाराष्ट्र हळहळत होता, त्याच वर्षांत आनंदीच्या वयाच्या या मुली बोहल्याच्या दिशेने वाढत होत्या.

अपेक्षा आणि अनुभव

दूरचित्रवाणीकडून समाजपरिवर्तनाची अपेक्षा या देशात फार जुनी आहे. विक्रम साराभाईंनी पाहिलेल्या स्वप्नातून १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे वर्षभर उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविण्यात आले. शेजारच्या कर्नाटकातील गुलबर्गा जिल्हा त्यात होता, महाराष्ट्र नव्हता. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीच सुरू झाले असले, तरी मराठवाड्यातील खेड्यांपर्यंत चित्र पोहोचण्यास बराच काळ जावा लागला. ते पोहोचले तेव्हा ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ यांचे दिवस होते. पुढे अंबाजोगाईच्या उच्चशक्ती प्रक्षेपण केंद्राने या डोंगराळ भागात दूरदर्शन आणले. मग केबल आली, छपरावरच्या छत्र्या आल्या. २०२२ पर्यंत प्रसार भारतीने देशातील बहुतेक जुने भू-प्रक्षेपक बंद केले, तोवर चित्र हातातल्या मोबाइलवर उतरले होते.

या प्रसाराचा परिणाम झालाच नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. त्यांनी भारताच्या पाच राज्यांतील कुटुंबांची २००१ ते २००३ या काळात पुनःपुन्हा पाहणी केली. ज्या खेड्यांत या काळात केबल आली, तेथील स्त्रिया नवऱ्याची मारहाण पूर्वीइतकी क्षम्य मानीनाशा झाल्या, मुलगाच हवा असे सांगणाऱ्यांचे प्रमाण घटले आणि घरातील निर्णयांत स्त्रियांचा शब्द वाढला, असे त्यांना दिसले. महाराष्ट्र या पाहणीत नव्हता. पण निष्कर्ष आशा वाढविणारा होता.

नेमक्या त्याच दशकाचे बीडचे आकडे शेजारी ठेवले म्हणजे ही आशा डळमळते. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ उरल्या. राज्यातील हा नीचांक होता. राज्याचा आकडा या काळात ९१३ वरून ८९४ वर आला. बीडची घसरण त्याच्या चौपटीहून अधिक होती. केबल, छत्र्या आणि रंगीत मालिका गावोगाव पोहोचण्याचे दशक तेच आणि मुली नाहीशा होण्याचे दशकही तेच.

याचा अर्थ दूरचित्रवाणीने मुली मारल्या असा नाही. अर्थ याहून गुंतागुंतीचा आहे. लहान, नेटके, दोन मुलांचे कुटुंब ही सुखाची प्रतिमा जाहिरातींनी आणि मालिकांनी घरोघर नेली आणि ती रुजली. पण त्या दोघांत एक मुलगा हवाच, ही जुनी इच्छा तशीच राहिली. पूर्वी मुलाची वाट पाहत चार मुली होत आणि त्या जगतही. आता वाट पाहण्याची तयारी उरली नाही. नवी आकांक्षा आणि जुना आग्रह यांच्यामधली वाट सोनोग्राफीच्या यंत्राने काढून दिली. पडद्याने माणसाची हौस बदलली; परिस्थिती बदलणे त्याच्या हातात नव्हते.

प्रश्न दाखविला, पुढे काय?

६ मे २०१२ रोजी ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमाचा पहिला भाग स्त्रीभ्रूणहत्येवर झाला. खासगी वाहिन्यांबरोबर दूरदर्शननेही तो दाखविला. त्याच महिन्यात परळीत अवैध गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि सारा देश बीडकडे पाहू लागला. या लक्ष वेधण्याचा उपयोग झाला, हे मान्य केले पाहिजे. सोनोग्राफी केंद्रांच्या तपासण्या वाढल्या, २०१५ च्या ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेच्या पहिल्या जिल्ह्यांत बीडची निवड झाली आणि परळीच्या डॉक्टर दांपत्याला २०१९ मध्ये न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा ठोठावली.

तथापि गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य होते आणि तो कायदा १९८८ चा होता, हेही विसरता येत नाही. जे काम कायद्याने चोवीस वर्षांपूर्वीच सांगितले होते, ते करावयास यंत्रणेला कॅमेऱ्याची वाट पाहावी लागली. कॅमेरा गेल्यावर काय होते, तेही दिसले. जून २०२२ मध्ये बीड तालुक्यात अवैध गर्भपातातूनच आणखी एका महिलेचा मृत्यू झाला आणि बेकायदा लिंगतपासणीचा धंदा थांबलेला नसल्याचे उघड झाले.

बालविवाहाची मुळे तर पडद्यापासून आणखी दूर आहेत. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मुकादम उचल देतो ती एकट्या माणसाला नव्हे, ‘कोयत्या’ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न झाले की मुलाला अर्ध्याऐवजी पूर्ण कोयत्याची उचल मिळते. वयात आलेली मुलगी गावी म्हाताऱ्यांजवळ ठेवावी तर काळजी, फडावरच्या कोपीत न्यावी तर अधिक काळजी. अशा बापाला बालविवाह वाईट हे ठाऊक नसते, असे समजणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याच्यापुढे दुसरी वाट नसते, आणि ती उघडणे कोणत्याही मालिकेला साधणारे नाही.

ती उघडण्याची साधने मात्र जिल्ह्यात आहेत. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत. २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. बालविवाह रोखण्याचा कायदेशीर अधिकार गावातल्याच ग्रामसेवकाकडे आहे आणि १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो. ही वसतिगृहे हंगाम सुरू होण्यापूर्वी उघडतात की फडावर बिऱ्हाडे पोहोचल्यावर, आठवी-नववीतल्या मुलीला तेथे सुरक्षित जागा मिळते की नाही, या प्रश्नांवर तिचे लग्न ठरते.

१९७५ च्या प्रयोगातील एक गोष्ट येथे आठवण्याजोगी आहे. त्यातला संच शाळेत किंवा चावडीत होता आणि गाव तो एकत्र बसून पाहत असे. दाखविलेल्या गोष्टीवर निदान चार माणसे बोलण्याची सोय त्यात होती. पुढे संच घरात गेला, आता तो तळहातावर आला आणि प्रत्येकाची हळहळ त्याच्यापुरतीच उरली. हळहळ आणि कृती यांना जोडणारी माणसे गावात अजूनही आहेत. दिवाळीनंतर वर्गातली कोणती मुलगी आली नाही, हे शिक्षकाला सर्वांआधी कळते. कोणत्या घरी घाईने मांडव पडतो आहे, ते अंगणवाडीसेविकेला. त्यांनी केलेली साधी चौकशी आणि वेळेवर केलेला एक दूरध्वनी यांनी एखादी आनंदी शाळेत राहू शकते. दूरचित्रवाणी समाजाला रडवू शकते, हे बीडने पाहिले. त्या रडण्याला हजेरीपटावरील नावाची जोड मिळाली नाही, तर पुढची पाहणीही तेच आकडे दाखवील.