मुकी वर्गखोली, मुकी ग्रामसभा

सेवाग्राम आणि पवनार ज्या जिल्ह्यात आहेत त्या वर्धा जिल्ह्यातील शाळांना २ ऑक्टोबरचे अगत्य असावे यात नवल नाही. त्या दिवशी एखादा हुशार विद्यार्थी पुढे येतो, ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ अशी सुरुवात करून पाठ केलेले भाषण एका दमात म्हणून टाकतो, टाळ्या घेतो आणि खाली बसतो. ते भाषण शिक्षकाने नाही तर घरातील थोरांनी लिहिलेले असते. अलीकडे ते मोबाइलवरून उतरविलेलेही असते. उरलेला सगळा वर्ग सतरंजीवर मान खाली घालून बसतो. आपले नाव पुकारले जाऊ नये एवढीच त्याची इच्छा असते. या प्रकाराला ‘वक्तृत्वाला उत्तेजन’ म्हणतात. वस्तुतः एकाला पोपट करायचे आणि बाकीच्यांना मुके ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे.

तिचे समर्थन ठरलेले असते. काही मुले स्वभावतःच लाजाळू असतात, त्यांच्यावर जबरदस्ती कशाला, असे विचारले जाते. या प्रश्नातील दयाबुद्धी वरवरची आहे. कोणती मुले लाजाळू ठरतात, हे एकदा नीट पाहावे. ज्याच्या घरी वर्तमानपत्र येते आणि ज्याचा बाप कचेरीत साहेबाशी बरोबरीने बोलतो, तो मुलगा सहसा लाजत नाही. लाजते ती कापूस वेचायला जाणाऱ्या मजूर बाईची मुलगी. ‘मले’, ‘तुले’ म्हणताच वर्ग हसतो, हा अनुभव घेऊन गप्प झालेला मुलगा लाजतो. गोंडाचे आणि पारध्याचे लेकरू लाजते. ज्याला स्वभाव म्हटले जाते ती पुष्कळदा पिढ्यान्‌पिढ्यांची ताबेदारी असते आणि ‘जबरदस्ती नको’ म्हणून शाळा तिच्यावरच शिक्कामोर्तब करते.

लाजाळूपणाचे सर्वांत मोठे उदाहरण तर सेवाग्रामच्या बापूकुटीतच राहून गेले. विलायतेत शाकाहाऱ्यांच्या सभेत गांधीजींना लिहून आणलेले भाषणही वाचता आले नाही. ते दुसऱ्याला वाचावे लागले. मुंबईच्या लघुवाद न्यायालयात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहताच त्यांचे डोके गरगरू लागले. ते खाली बसले आणि घेतलेली ३० रुपये फी त्यांनी परत केली. आत्मकथेत हे सारे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. असा माणूस १८९३ साली प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत बोलला. आपल्या आयुष्यातील ते पहिले जाहीर भाषण, असे ते म्हणतात आणि आपण विषयाची बऱ्यापैकी तयारी करून गेलो होतो, हेही सांगतात. व्यापारातील सचोटी आणि तेथील हिंदी लोकांची दैना हे त्यांचे विषय होते. सांगण्याजोगे काही होते, ते सांगण्याची निकड होती आणि तयारी होती. या तिहींनी जीभ मोकळी केली. शाळा मात्र मुलाजवळ सांगण्याजोगे काही आहे की नाही, हे न विचारताच त्याला व्यासपीठावर चढविते.

वर्धा जिल्ह्याला ही गोष्ट परक्याने येऊन सांगण्याची गरज नाही. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तीतून डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली. समितीने मातृभाषेची उद्दिष्टे सांगताना भोवतालच्या वस्तू, माणसे आणि घटना यांविषयी मुलाला मोकळेपणाने व विश्वासाने बोलता यावे, पुढे कोणत्याही नित्याच्या विषयावर सुसंगत बोलता यावे, अशी अपेक्षा धरली. आर्यनायकम् दांपत्याने सेवाग्रामात ही तालीम चालविली. तेथे मुलांची आमसभा भरे, मुलांनी निवडलेले मंत्री आपल्या कामाचा अहवाल सभेपुढे ठेवीत आणि सभा त्यांना जाब विचारी. स्वयंपाकघरात धान्य किती लागले, सूत किती निघाले, हे ज्याने स्वतः केले त्याला ते सांगण्यासाठी वक्तृत्वाची पुस्तके लागत नाहीत. नई तालीमचे पुतळे झाले. तिची ही साधी रीत मात्र जिल्ह्यातील शाळाशाळांत पोचली नाही.

ही रीत आजही अवघड नाही. ४० मुलांच्या वर्गात रोज ५ मुलांना प्रत्येकी २ मिनिटे दिली, तर दिवसाला १० मिनिटे लागतात आणि ८ दिवसांत सगळ्या वर्गाची फेरी होते. तेव्हा ‘अभ्यासक्रमातून वेळ मिळत नाही’ ही सबब टिकत नाही. मूल प्रथम शेजाऱ्याला सांगेल, मग चारजणांना आणि त्यानंतर वर्गाला. विषय त्याच्या हातच्या कामाचा असावा: डवरणी कशी करतात, बोंडअळी आली तेव्हा घरी काय झाले, हापशी बंद पडली तर पाणी कोठून येते. काय पाहिले, तसे का झाले आणि काय करावयास हवे, या तीन प्रश्नांची उत्तरे टिपणाच्या चार ओळींत बसवावीत; पूर्ण भाषण लिहू देऊ नये. ऐकणाऱ्यांपैकी एकाने तरी प्रश्न विचारलाच पाहिजे. पहिली फेरी घरच्या बोलीत होऊ द्यावी; प्रमाण मराठी त्यामागून येईल, कारण बोलीला हसून कोणाचीही प्रमाण भाषा सुधारलेली नाही. आणि सर्वांत आधी शिक्षकाने स्वतः कागदाविना दोन मिनिटे बोलून दाखवावे.

सरकारी कारभाराला बोलण्याची किंमत गुणांपुरतीच कळते. दहावीच्या भाषाविषयांतील तोंडी परीक्षेचे २० गुण २०१८–१९ मध्ये काढून टाकले गेले. २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरताच गिल्ला झाला आणि पुढच्याच वर्षी ते गुण परत आले. त्या साऱ्या गिल्ल्यात टक्केवारी होती. मुले बोलावयास शिकतात की नाही, हा प्रश्न अपवादानेच निघाला. न बोलणाऱ्या मुलालाही तोंडी परीक्षेचे गुण वाटून टाकणे ही दया नव्हे, ती त्याची फसवणूक आहे.

या फसवणुकीचा हिशेब ग्रामसभेत लागतो. १५ ऑगस्टला सकाळी शाळेत स्वातंत्र्यावर भाषणे होतात आणि त्याच दिवशी ग्रामसभाही भरविण्याची प्रथा आहे. तेथे अध्यक्ष बोलतात, ग्रामपंचायत अधिकारी कागद वाचतो, दोन-चार वजनदार माणसे माना डोलावतात आणि ठराव मंजूर होतो. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही अनेक गावांत खुर्ची बाईची आणि आवाज नवऱ्याचा, अशी स्थिती आहे. कायद्याने जागा मिळते, जीभ मिळत नाही. ती शाळेत मिळावयास हवी होती.

म्हणून वक्तृत्वस्पर्धेला ढाल आणि करंडक देणाऱ्या कार्यकर्त्यांनी यंदा तो पैसा वाचवावा. त्याऐवजी गावच्या शाळा व्यवस्थापन समितीत बसून प्रत्येक मुलाच्या बोलण्याची पाळी लागते की नाही, हे विचारावे. आपल्या शिबिरांतही वक्ते तेच आणि श्रोतेही तेच असतील, तर तेथूनच पाळी सुरू करावी. ज्या दिवशी मजुराची मुलगी ग्रामसभेत उभी राहून रोजगार हमीच्या हजेरीपटाचा जाब विचारील, त्या दिवशी वर्ध्याच्या त्या परिषदेचे खरे स्मारक उभे राहील.