कुलूप शाबूत, भिंतीला भगदाड : मूळ प्रेषक शोधण्याच्या मागणीमागचे राजकारण

२०१८ साली मद्रास उच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. समाजमाध्यमांवरील खाती आधार क्रमांकाशी जोडावीत, ही तिची मूळ मागणी. ती तेथे टिकली नाही. परंतु त्याच खटल्यात २०१९ साली तिच्याहून घातक मागणीने मूळ धरले : व्हॉट्सअॅपवरील संदेशाचा पहिला प्रेषक शोधता आला पाहिजे. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक व्ही. कामकोटी यांनी न्यायालयापुढे त्याचे तंत्रही मांडले. प्रत्येक संदेशाबरोबर मूळ प्रेषकाची खूण प्रवास करील. ती उघड असेल, नाहीतर कुलूपबंद राहून तिची किल्ली कंपनीजवळ असेल. यामुळे कूटबद्धीकरणाला, म्हणजेच एन्क्रिप्शनला, धक्का लागत नाही, असे समर्थकांचे म्हणणे.

हे म्हणणे तपासावयास हवे. प्रत्येक फोनपाशी किल्ल्यांची जोडी असते. एक सर्वांना वाटलेली, दुसरी फोनबाहेर कधीही न जाणारी. त्यांच्या आधारे दोन फोन आपसांत एक गुप्त किल्ली ठरवितात आणि संदेश तिने बंद होतो. मधल्या यंत्राला दिसते ती निव्वळ निरर्थक अक्षरांची रांग. पद्धत जगजाहीर आहे, कोणीही पडताळून पाहावी. सुरक्षितता उभी आहे ती वाटलेल्या किल्लीवरून लपविलेली किल्ली गणिताने काढणे व्यवहारतः अशक्य असल्यामुळे. बँकेचे व्यवहारही याच जातीच्या गणितावर चालतात.

आता या बंद पाकिटावर मजकुराच्या पहिल्या लेखकाची खूण डकवा. संपाची हाक देणारे पत्रक हजारो हातांतून फिरेल आणि पोलीस थेट ते लिहिणाऱ्या कामगाराच्या दारात उभे राहतील. पाकीट न फोडताच काम फत्ते! शिवाय ही खूण खोटीही करता येते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक मनोज प्रभाकरन यांनी या प्रस्तावाच्या परीक्षणात हाच दोष दाखविला : जाणकार गुन्हेगार दुसऱ्याचे नाव लावून निसटेल आणि निरपराध मनुष्य अडकेल.

मद्रास आणि मुंबईच्या कामगार चळवळीला हा अनुभव नवा नाही. १९२४ च्या कानपूर कटाच्या खटल्यात मद्रासचे सिंगारवेलू आणि मुंबईचे डांगे यांच्यावर आरोप ठेवले गेले, ते मुख्यतः टपालात पकडलेल्या पत्रांच्या आधारे. ब्रिटिश सरकारला निदान पाकिटे वाफेवर धरून उघडण्याचे श्रम तरी पडत!

खरी मेख पुढेच आहे. फेब्रुवारी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील नियम ४(२) ने ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांवर मूळ प्रेषक सांगण्याची सक्ती केली. हा आदेश न्यायालय देऊ शकते. परंतु कलम ६९ खालील सक्षम अधिकारीही देऊ शकतो. हा अधिकारी म्हणजे गृहखात्याचा सचिव. न्यायाधीशाची गरजच उरली नाही.

पोलीस हतबल आहेत, हा युक्तिवाद तर सर्वस्वी पोकळ आहे. डिसेंबर २०१८ मध्येच १० केंद्रीय यंत्रणांना संगणकातील माहिती पाहण्याचे व उलगडण्याचे अधिकार बहाल झाले. कूटबद्धीकरण वाटेतल्या संदेशाचे रक्षण करते, खुद्द फोनमध्ये घुसलेल्या हेराचे ते काही करू शकत नाही. २०१९ साली पेगाससने जगभर सुमारे १,४०० फोनांना लक्ष्य केल्याचे उघड झाले. त्यांत भीमा-कोरेगाव प्रकरणातील वकील व कार्यकर्तेही होते. हे हत्यार आपण केवळ सरकारांना विकतो, असे त्याची निर्माती कंपनीच सांगते. २०२१ साली अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने त्याच प्रकरणातील रोना विल्सन यांच्या संगणकात घुसखोराने कागदपत्रे पेरल्याचा निष्कर्ष काढला. साधनांची टंचाई कोठे आहे?

मे २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपने या नियमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, म्हणून त्या मक्तेदार कंपनीच्या गळ्यात कोणी हार घालू नयेत. मजकूर तिला वाचता येत नसला तरी कोणी कोणाशी केव्हा संपर्क साधला, हे तिला कळते. तिच्या मालकाचा धंदाच माणसांच्या माहितीवर चालतो. ती लढते आपल्या बाजारपेठेसाठी. कामगार संघटनांची मागणी स्वतंत्र असली पाहिजे : नियम ४(२) रद्द करा, आणि टेहळणीचा प्रत्येक आदेश सचिवाच्या टेबलावरून काढून न्यायाधीशासमोर ठेवा.