आगगाडीच्या इतिहासात कोणाचे स्मरण करावे?

आपल्या जुहूस आगगाडीचे स्थानक नाही. तरी येथील पुष्कळ कुटुंबांचा दिवस विलेपार्ले किंवा अंधेरी स्थानकावरूनच सुरू होतो. म्हणून आगगाडीचा इतिहास आपणांस परका नव्हे. ता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी निघाली, हे प्रत्येक विद्यार्थ्यास मुखोद्गत असते. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे आणि २१ तोफांची सलामी! तो दिवस थोर खरा. तथापि या इतिहासातील सर्वांत थोर प्रसंग तो नव्हे, असे माझे नम्र मत आहे.

ठाण्याचा मार्ग बहुतांशी सपाटीचा होता. खरी कसोटी लागली ती बोरघाटात. तेथील काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली मार्ग खुला झाला. ३७ फुटांस एक फूट असा चढ, कठीण काळा खडक, पंचवीस बोगदे आणि त्यांत पटकीची साथ! १८६१ साली चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे खपत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली निवर्तले. तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी धीर न सोडता दोन इंजिनियरांच्या हाती व्यवस्था सोपवून काम तडीस नेले. त्या बाईंचे नाव ग्रंथांत राहिले. परंतु जे हजारो मजूर सुरुंगाने, दरडींनी व रोगाने मेले, त्यांची नावे कोठे आहेत?

कोणी म्हणेल, त्यांस मजुरी मिळाली होती. खरे, पण मजुरीने श्रमांची फेड होते, प्राणांची नव्हे. जगाने त्यांस निनावी ठेविले, तरी देवाच्या दृष्टीस कोणीही निनावी नाही.

विद्यार्थिमित्रहो, हे ऋण केवळ शब्दांनी फिटणारे नाही. आजही भर पावसात घाटातील सैल दगड पाडणारे व रुळांवर गस्त घालणारे कामगार आपल्यासाठी जागतात. उलट आपण पाच मिनिटे वाचविण्यासाठी पूल सोडून रूळ ओलांडतो, आणि त्यापायी मुंबईत दरवर्षी शेकडो माणसे प्राणांस मुकतात. ज्या मार्गासाठी इतरांनी प्राण वेचिले, त्यावर आपले प्राण उतावळेपणाने फेकून देणे ही कृतघ्नता नव्हे काय? पालकांसही विनंती की, मुलाचा हात धरून पूल चढावा. कारण मुले उपदेशापेक्षा आपल्या पावलांकडे अधिक पाहतात.