'सरहद्द गांधी' ही पदवी अपुरी आहे

खान अब्दुल गफार खान यांना 'सरहद्द गांधी' म्हटले की त्यांचा गौरव झाला, असे आपण मानतो. पण या गौरवात एक गैरसमज दडला आहे. अहिंसा गांधीजींची, खानांनी ती फक्त सरहद्दीवर नेली, असा तो समज. तारखा पाहिल्या तर तो टिकत नाही. उत्मानझईला खानांनी पहिली शाळा काढली ती १९१० मध्ये. तेव्हा गांधीजी दक्षिण आफ्रिकेत होते. त्यांची 'खुदाई खिदमतगार' संघटना १९२९ मध्ये उभी राहिली. वर्ध्याला गांधीजींचा निकट सहवास लाभला तो त्यानंतर पाच वर्षांनी, १९३४ मध्ये. गांधीजींचा प्रभाव खानांनी कधी नाकारला नाही. मात्र आपल्या अहिंसेचे मूळ ते इस्लाममधल्या 'सब्र'मध्ये, म्हणजे संयमात, आणि पैगंबरांनी मक्केत सोसलेल्या छळात दाखवत. आणि १९४० मध्ये सत्तेच्या बदल्यात युद्धाला साथ देण्याची तयारी काँग्रेसने दाखवली, तेव्हा खान कार्यकारिणीतून बाहेर पडले. मोठमोठे गांधीवादी जिथे तडजोडीला तयार झाले, तिथे हा 'अनुयायी' ठाम राहिला.

खानांच्या अहिंसेवर नेहमीचा आक्षेप असा: अहिंसा हे दुबळ्यांचे हत्यार. हा आक्षेप निदान पठाणांपुढे तरी करू नये. बंदूक हा ज्यांच्या घरचा दागिना आणि 'बदल', म्हणजे सूड, हे ज्यांच्या इभ्रतीचे माप, त्यांच्याकडून खानांनी सूड न घेण्याची आणि रोज किमान दोन तास समाजकार्याला देण्याची शपथ घेतली. स्वयंसेवकांचे पांढरे कपडे लवकर मळतात म्हणून ते विटकरी रंगात बुडवले गेले. 'लाल डगलेवाले' हे नाव त्यातून पडले, त्यात साम्यवादाचा संबंध नव्हता. ही अहिंसा इंग्रजांच्याही आधी घरातल्या वैराशी झुंजत होती. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात नि:शस्त्र जमावावर गोळीबार झाला. मृतांच्या आकड्यांत सरकार आणि लोक यांचे कधीच जमले नाही. पण इंग्रजी फौजेतले चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या गढवाली सैनिकांनी गोळ्या झाडायला नकार दिला, याबद्दल वाद नाही. समोरचा माणूस बंदूक उगारत असता तर त्या सैनिकांना असा पेच पडला असता का? दुबळ्याची दया येते; सैनिकाच्या हातातली बंदूक थांबवायला नि:शस्त्राचे धैर्य लागते.

खरा कठीण आक्षेप दुसराच: शेवटी हाती काय आले? १९४६ च्या निवडणुकीत सरहद्द प्रांताने काँग्रेसला सत्ता दिली. पुढच्याच वर्षी फाळणी मान्य करून काँग्रेसने त्याच प्रांताला वाऱ्यावर सोडले. जुलै १९४७ च्या सार्वमतात भारत की पाकिस्तान एवढाच पर्याय होता, पठाणांच्या स्वतंत्र पख्तुनिस्तानचा नव्हता, म्हणून खानांनी बहिष्कार टाकला. पाकिस्तानला सुमारे दोन लाख नव्वद हजार मते पडली, भारताला तीन हजारांहूनही कमी. बहिष्काराने मैदान प्रतिपक्षाला मोकळे मिळाले, हे मान्य करावे लागेल. पण ही चूक डावपेचांची होती. तिच्या नावावर अहिंसेचे अपयश मांडणे हा हिशेबाचा घोटाळा आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये खानांनी पाकिस्तानशी निष्ठेची शपथ घेतली; जूनमध्ये त्यांना अटक झाली. त्याच ऑगस्टमध्ये चारसद्द्याजवळच्या बाबड्यात त्यांच्या नि:शस्त्र अनुयायांवर गोळ्या चालल्या. निष्फळ माणसाला कोणतेही सरकार वर्षानुवर्षे कोंडून ठेवत नाही. इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकले, स्वतंत्र पाकिस्ताननेही टाकले. दोन्ही सरकारांना त्यांची भीती वाटली, हीच त्यांच्या मार्गाच्या ताकदीची साक्ष.

२० जानेवारी १९८८ रोजी पेशावरला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्याच इच्छेप्रमाणे जलालाबादला दफन. पदवीचा आधार त्यांना हयातीतही लागला नव्हता. पठाणांनी त्यांना 'बादशहा खान' म्हटले. आपणही तेच म्हणावे.