पंधराव्या मिनिटाचा गोल



परवा मधल्या सुट्टीत आमच्या पाचवीच्या मुलांचं कडाक्याचं भांडण झालं. विषय काय, तर डोक्यानं मारलेला गोल धरायचा की नाही! एक गट म्हणे, "फुटबॉल हा पायाचा खेळ, डोकं मध्ये कशाला?" शेवटी प्रकरण माझ्या टेबलापाशी आलं. मी म्हटलं, "बसा खाली. डोक्यानं मारलेल्या एका गोलाची गोष्ट सांगते." तीच आज तुम्हालाही सांगते.

स्कॉटलंडमधलं ग्लासगो म्हणजे जहाजं बांधणाऱ्यांचं शहर. तिथला हा मुलगा, जिमी स्पीअर्स. जन्म १८८६ चा. फुटबॉलचं वेड इतकं की पुढे तोच त्याचा पोटापाण्याचा धंदा झाला. आधी ग्लासगोच्या प्रसिद्ध रेंजर्स क्लबकडून खेळला, मग क्लाईडकडून. १९०८ साली वेल्सविरुद्ध स्कॉटलंडच्या संघातही त्याची निवड झाली. सामना जिंकला, पण देशाकडून खेळायची संधी त्याला पुन्हा काही मिळाली नाही. एकच सामना! असं होतं बघा कधी कधी.

त्या काळी स्कॉटलंडच्या खेळाडूंना इंग्लंडमध्ये भारी मागणी. एकमेकांना पास देत, डोकं लढवून खेळण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९०९ साली जिमी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड सिटी या क्लबात गेला. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव आणि क्लब स्थापन होऊन जेमतेम सहा वर्षं झालेली.

आता १९११ चा एप्रिल. इंग्लंडमधली सगळ्यांत मानाची स्पर्धा म्हणजे एफ. ए. कप. अंतिम सामन्यात समोर कोण? न्यूकॅसल युनायटेड! आदल्याच वर्षी कप जिंकलेला, सात वर्षांत पाचव्यांदा अंतिम फेरीत आलेला संघ. इकडे ब्रॅडफर्ड पहिल्यांदाच आलेलं आणि कप्तान आपला जिमी. लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर सामना झाला, पण एकही गोल नाही. तेव्हा पेनल्टीवर निकाल लावायची पद्धत नव्हती. सामना पुन्हा खेळायचा! चार दिवसांनी, २६ एप्रिलला, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर सगळे पुन्हा जमले. ब्रॅडफर्डच्या अकरा जणांत आठ स्कॉटिश होते, बरं का!

पंधराव्या मिनिटाला न्यूकॅसलच्या गोलसमोर चेंडू उंच उडाला. जिमीनं उडी घेतली, डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात! उरलेला सगळा वेळ ब्रॅडफर्डनं किल्ला लढवला. एक-शून्य. कप ब्रॅडफर्डचा.

गंमत म्हणजे कप त्याच वर्षी नवा करून घेतला होता आणि तो घडवणारी पेढीही ब्रॅडफर्डचीच, फॅटोरिनी नावाची. म्हणजे माल गावातच बनला आणि पहिल्याच वर्षी गावातच परत आला! हाच कप पुढे १९९१ पर्यंत विजेत्यांना दिला गेला. त्यावर पहिलं नाव ब्रॅडफर्ड सिटीचं. त्यानंतर आजवर त्यांनी हा कप पुन्हा जिंकलेला नाही.

आता थोडं गणित. (घाबरू नका!) इंग्लंडमध्ये तेव्हा नियमच होता, खेळाडू कितीही मोठा असो, आठवड्याला चार पाउंडांच्या आसपासच पगार द्यायचा. १९१२ च्या डिसेंबरात लीड्स सिटी क्लबानं जिमीला घेतलं, त्यासाठी मोजले १४०० पाउंड. भागा बघू चारनं. ३५० आठवडे, म्हणजे जवळजवळ सात वर्षांचा पगार! पण हे पैसे मिळाले क्लबाला. विकला गेला जिमी, पेटी भरली दुसऱ्याची. मला हा हिशेब काही पटत नाही.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. इथवर आल्यावर आमचा वर्ग एकदम शांत झाला.

१९१५ च्या मे महिन्यात जिमी कॅमरॉन हायलँडर्स या पलटणीत भरती झाला. लग्न झालेलं, घरी दोन लहान मुलं. सक्तीची भरती तेव्हा सुरूच झाली नव्हती, ती आली १९१६ मध्ये. एका मुलीनं लगेच विचारलं, "बाई, मग तो गेलाच कशाला? कुणी सांगितलं होतं?"

मी तिला त्या दिवसांची हवा कशी होती ते सांगितलं. भिंतीभिंतींवर 'भरती व्हा'ची चित्रं लागलेली. धडधाकट माणसं चेंडूमागे कसली धावतात, असं वर्तमानपत्रांतून फुटबॉलवाल्यांना टोचून बोललं जाई. १९१५ च्या हंगामानंतर लीगचे नेहमीचे सामने थांबले, पगारही थांबले. मुलीचं समाधान झालं नाही. खरं सांगू? माझंही नाही.

जिमी सार्जंट झाला. १९१७ मध्ये शौर्यासाठी त्याला मिलिटरी मेडल मिळालं. त्याच वर्षी बेल्जियममध्ये ईप्र शहराजवळ मोठी लढाई चालली होती. ऑगस्टभर पाऊस. तोफगोळ्यांनी उकरलेल्या जमिनीचा नुसता चिखल, माणूस कमरेपर्यंत रुतावा असा. २० ऑगस्टला तिथंच जिमी मारला गेला. वय ३१.

त्याच्या क्लबांतला तो एकटा नव्हता. ओल्ड ट्रॅफर्डवर न्यूकॅसलला अडवून धरणारा बॉब टॉरन्स १९१८ मध्ये गेला. ब्रॅडफर्ड आणि लीड्स दोन्हीकडून खेळलेला एव्हलिन लिंटॉट १ जुलै १९१६ लाच सोमच्या लढाईत गेला होता. हा लिंटॉट शाळामास्तर होता, म्हणजे आमच्याच जातकुळीचा. त्याच्या वर्गातली मुलं त्या दिवशी काय करत असतील, हे माझ्या मनात येऊन गेलं. वर्गात मात्र बोलले नाही.

जिमीचं कप जिंकल्याचं पदक २००३ साली लिलावात विकलं गेलं. किंमत आली २६ हजार पाउंडांहून जास्त. आठवड्याला चार पाउंडवाल्याचं पदक!

त्याची कबर बेल्जियममध्ये डोकी फार्म नावाच्या युद्ध-दफनभूमीत आहे. तिथले सगळे दगड एकाच मापाचे. वर पलटणीची खूण, खाली हुद्दा, नाव, तारीख. गोलाचा उल्लेख कुठे नाही.

एवढ्यात घंटा झाली. मुलं उठली आणि जाता जाता त्यांचं आपसात ठरलं, की डोक्यानं मारलेला गोल उद्यापासून धरायचा.

— तुमच्या बाई